कुठे पुरलंस?

अंगणातला खड्डा खोल होत चाललाय. भोवती बायाबापड्यांची गर्दी, मधोमध एक आजारी पोर. आणि दिबिया, म्हणजे इग्बोंचा वैद्य नि देवऋषी, पुन्हा पुन्हा एकच विचारतोय, "कुठे पुरलंस?"

आग्नेय नायजेरियातल्या इग्बो गावांत असे खड्डे खरोखर खणले जात. एकाच आईची मुलं पाठोपाठ दगावली, की लोक म्हणत, ही निरनिराळी मुलं नव्हेत. एकच ओग्बांजे, म्हणजे पुन्हा पुन्हा जन्म घेणारा आत्मा, येतंय आणि जातंय. पलीकडच्या जगातल्या सोबत्यांना त्यानं परतण्याचा शब्द दिलाय. त्या शब्दाची त्यानं पुरून ठेवलेली खूण म्हणजे इयि-उवा. कधी गारगोटी, कधी चिंधीत बांधलेलं काहीबाही. ती सापडली, नष्ट केली, की मूल इथलं झालं.

म्हणजे पाहा, पोर तिकडचा शब्द पाळतंय, आणि इकडे तेच दगाबाज! मेलेल्या मुलाच्या देहावर वार करत, पुढच्या खेपेला ओळखू यावं म्हणून. जगलेल्यांची नावं तर ऐका: ओन्वुबिको, 'मरणा, विनवणी आहे'. ओझोएमेना, 'पुन्हा असं न होवो'. आपले धोंडू-दगडू आठवले ना? आपण मरणाला चकवायला बघतो, हे त्याच्या पाया पडतात.

यातले कित्येक मृत्यू सिकल सेलचे असावेत, असं आज डॉक्टर म्हणतात. गडचिरोली-नंदुरबारच्या घरांना माहीत असलेला तोच आजार. पण रक्ततपासणीला त्या पोराकडे रोखलेल्या नजरा कुठून दिसणार?

याच इग्बोंची एक म्हण आहे: जन्म देणारी आई एक, पण घडवणारी ची एक नव्हे. ची म्हणजे ज्याचा त्याचा आत्मिक सोबती. सख्ख्या भावंडांचाही वेगळा. दुसरी म्हण सांगते, माणूस हो म्हणाला, की त्याची चीही हो म्हणते. पहिला होकार माणसाचा. इतक्या गावकीच्या समाजात, आणि म्हणीत गावाचं नावसुद्धा नाही!

2018 साली, याच इग्बो मुलखातल्या उमुआहियात जन्मलेले लेखक अक्वाएके एमेझी यांनी स्वतःविषयी उघडपणे लिहिलं: मी ओग्बांजे आहे. बाई नाही, पुरुषही नाही. शस्त्रक्रिया करून घेतल्या, त्या आतल्या आत्म्याला साजेसा देह मिळावा म्हणून.

ज्या शब्दासाठी पोरांना खड्ड्याच्या काठाशी उभं करत, तो त्यांनी आपणहून उचलला. या वेळी कुणी विचारलंही नव्हतं, कुठे पुरलंस म्हणून.