हिरव्यातला परका हिरवा

पडद्यावर दिसतंय ते जंगल वरून एकसारखं हिरवं आहे. त्यात बाहेरून येऊन स्थानिक झाडांवर आक्रमण करणारी वनस्पती दडलेली असली, तरी डोळ्यांना काहीच वावगं दिसत नाही. हेच चित्र अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात पाहिलं, की हिरव्यातले भेद उमटू लागतात. पानातलं पाणी, नत्र, हरितद्रव्य जसं असेल, तसा झाडावरून परतणारा प्रकाश बदलतो. युरोपचे 'सेंटिनेल-२' उपग्रह हा प्रकाश तरंगलांबीच्या १३ पट्ट्यांत मोजतात.

पण चित्र किती सुस्पष्ट आहे, यापेक्षा ते कधी घेतलंय, याला जास्त महत्त्व आहे. उत्तर अमेरिकेच्या जंगलांत मूळची आशियातली अमूर हनीसकल फोफावली आहे. एरवी हे झुडूप मोठ्या झाडांखाली झाकलेलं असतं. पानगळीनंतर वरची झाडं उघडी पडतात, हनीसकल मात्र अजून हिरवीच असते. ते मोजके दिवस हुकले, की उपग्रहाला ती सापडणं कठीण.

आणि झाडांची पानं बारा महिने झडतच नसतील तर? हवाई बेटांवर नेमका हाच पेच होता. तिथल्या दाट जंगलात काहिली जिंजर पसरली आहे. ही आपल्या सोनटक्क्याच्याच कुळातली, मूळची हिमालयाकडची. ती वाढते तिथल्या स्थानिक ओहिया वृक्षांच्या सावलीत, म्हणजे विमानातून थेट दिसणं अवघडच. ग्रेगरी अ‍ॅस्नर आणि पीटर व्हिटोसेक या शास्त्रज्ञांनी विमानातल्या वर्णपटमापकाने, म्हणजे प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबी मोजणाऱ्या उपकरणाने, वरच्या पानांचं रसायन तपासलं. जिथे खाली जिंजर होती, तिथे वरच्या झाडांच्या पानांतलं नत्र घटलेलं होतं! २००५ साली प्रसिद्ध झालेलं हे संशोधन मला फार मोलाचं वाटतं. आक्रमण नुसतं जागा व्यापत नाही, शेजारच्या झाडाचं पोषणही बदलतं, हे त्यातून आकाशातूनच दिसलं.

अशा चित्रांवरून परक्या वनस्पतीचा नकाशा हाती आला, तरी त्यावर विसंबून लगेच कुऱ्हाड चालवू नये. आधी काही ठिकाणी पायी जाऊन खात्री करावी, नाहीतर स्थानिक झाडंच तुटायची. मग सुरुवात करावी ती परक्या वनस्पतीच्या कडेच्या, एकट्या पडलेल्या लहान झुपक्यांपासून. पसरण्याआधी ते काढणं सोपं असतं.

एवढं करूनही जमिनीतलं बी आणि कंद मागे राहतात, कापलेले खुंट पुन्हा फुटतात. त्यामुळे पुढची काही वर्षं त्याच ऋतूत, त्याच जागेचं चित्र पुन्हा तपासावं लागतं. तो खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरलेला असावा.