आजीच्या माळेतलं पोवळं

नमस्कार. बोलायला लागायच्या आधी ही माळ पुढच्या रांगेत देतो, हातात घेऊन बघा आणि मागे पास करा. माझ्या आजीची आहे, सोन्याच्या मण्यांमध्ये अधूनमधून जे लाल मणी दिसतायत ना, ते पोवळं. पोवळं म्हणजे मंगळाची अंगठी, मंगळसूत्रातलं पोवळं, वैद्यांकडची प्रवाळपिष्टी, एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण ते जिवंत असताना कसं दिसतं हे मला स्वतःला तिशीपर्यंत माहीत नव्हतं, आणि कळलं तेव्हापासून ह्या माळेकडे मी पहिल्यासारखं बघूच शकलेलो नाही.

ह्याचं शास्त्रीय नाव कोरॅलियम रुब्रम. आता कोरल म्हटलं की आपल्याला लक्षद्वीपची बेटं आठवतात नाहीतर मालवणचं स्नॉर्केलिंग, पण ते कोरल वेगळं. रीफ, म्हणजे समुद्रातल्या कोरलच्या भिंती, बांधणाऱ्या कोरलच्या अंगात सूक्ष्म शेवाळं राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि कोरलला देतं, म्हणून त्यांना उथळ, कोमट, ऊन पोचेल असं पाणी लागतं. पोवळ्याच्या अंगात असलं शेवाळं नाहीच. त्याला ऊन नकोच असतं, कारण उजेड असला की खडकावर दुसरंच काहीबाही माजतं आणि ह्याला जागा उरत नाही. त्यामुळे ते गुहेच्या छताला, कड्याच्या पोटाखाली, अंधारात धरून असतं, कितीतरी ठिकाणी चक्क उलटं लटकलेलं. आणि रीफ बांधत नाही म्हणजे काय, तर प्रत्येक झुडूप आपापलं एकटं वाढतं, बहुतेक वेळा वीतभरसुद्धा नाही, फांद्या चहूबाजूंनी फुटलेल्या, पण शेजारच्याशी चिकटून भिंत अशी कधी होत नाही.

आता आतली रचना बघू, मला सगळ्यात आवडणारा भाग हा. मधोमध कडक लाल दांडा, तो म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यात थोडं मॅग्नेशियम, आणि लाल रंग कॅरोटिनॉइड जातीच्या रंगद्रव्याचा, गाजराचा रंग ज्या कुटुंबातला ना, त्याच कुटुंबातला. दांड्यावर जिवंत मांसाचं पातळ आवरण, त्यातही बारीक लाल कण पसरलेले. आणि ह्या आवरणातून बाहेर येतात ते पॉलिप, म्हणजे एकेक छोटा जीव, आख्खं झुडूप ही त्यांची वसाहत, काही मिलिमीटरचे, पांढरेशुभ्र, प्रत्येकाला बरोब्बर आठ हात, आणि प्रत्येक हाताला पिसासारख्या झालरी. लाल फांदीवर पांढरी फुलंच म्हणायची. पाण्यातून वाहत येणारे बारीक जीव आणि कण पकडून खाणं हे त्यांचं काम. काही पॉलिप मात्र खुजे असतात, ते खात नाहीत, वसाहतीत पाणी खेळतं ठेवतात. एका पॉलिपने खाल्लेलं सगळ्यांना पोचतं, कारण आवरणात नळ्यांचं जाळं आहे, आणि त्यातल्या सगळ्यात आतल्या नळ्या दांड्याला समांतर धावतात, त्यांचे ठसे दांड्यावर बारीक उभ्या रेघा म्हणून उमटतात. पॉलिश न केलेलं पोवळं भिंगाखाली धरलं की ह्या रेघा दिसतात, आणि खरं पोवळं ओळखायला त्या बघतात. जिथून एकेकाळी अन्न वाहायचं त्या जागेची ती खूण आहे हो.

ही फुलं बघूनच माणसं फसली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मार्सिली नावाच्या इटालियन अभ्यासकाने ताजं पोवळं समुद्राच्या पाण्यात ठेवलं, पांढरं काहीतरी उमललं, त्याने ठरवलं की ही वनस्पती. मग १७२०च्या दशकात मार्सेयच्या पेसोनेल नावाच्या डॉक्टरने तेच पुन्हा नीट बघितलं, हात लावला की फूल आत ओढून घेतं हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने सांगितलं की हा प्राणी आहे. पॅरिसच्या विद्वानांनी ऐकलं नाही. पुढे कित्येक वर्षांनी त्याचं म्हणणं मान्य झालं.

राहतं कुठे, तर मुख्यतः भूमध्य समुद्राच्या पश्चिम आणि मधल्या भागात. सार्डिनिया, कॉर्सिका, स्पेनचा कोस्ता ब्रावा, मार्सेयचा किनारा, इकडे अल्जीरिया, ट्युनिशिया. पूर्वेकडे ग्रीसपर्यंत तुरळक, आणि जिब्राल्टरच्या बाहेर मोरोक्को, पोर्तुगालजवळच्या अटलांटिकमध्ये थोडं. आपल्या अरबी समुद्रात हे नाही. तरीही आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून आहे, पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत भडोचला उतरणाऱ्या मालात पोवळं लिहिलेलं आहे, आणि त्याच भडोचला पैठण आणि तेरचा माल जायचा. अठराव्या शतकात इटलीतल्या लिवोर्नोचे ज्यू व्यापारी लिस्बनमार्गे गोव्याला पोवळं पाठवायचे आणि बदल्यात हिरे मागवायचे, आणि गोव्यात त्यांचा व्यवहार बघायचे कामत घराण्यातले सारस्वत व्यापारी. सराफ आजही 'इटालियन पोवळं' म्हणतात, कारण नेपल्सजवळचं टोरे देल ग्रेको हे गाव पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतं.

आता वाढीचं सांगतो, मग ती माळ पुन्हा बघा. बुंध्याची पातळ चकती कापून रंगवली की झाडासारखी वर्षावर्षाची वलयं दिसतात, त्यावरून कळलं की दांड्याची जाडी वर्षाला ०.२ ते ०.३५ मिलिमीटर वाढते. आजीच्या माळेतला मोठा मणी ८ मिलिमीटरचा आहे. म्हणजे निदान २०-२५ वर्षं, बहुधा ३०च्या पुढेच, आणि तेही घासून गोल करताना जे गेलं ते न धरता. असं हे, आणि माणसं शतकानुशतकं लाकडाचा जड क्रॉस आणि जाळी समुद्राच्या तळावरून ओढून झुडपंच्या झुडपं मोडून काढत होती, निम्मं तर तिथेच पडून वाया जायचं. युरोपने त्यावर १९९४ मध्ये बंदी घातली. २०११ पासून ५० मीटरच्या वर काढायलाही मनाई आहे, खाली पाणबुड्याने हातोडीने काढायचं.

पण उष्णतेला बंदी कोण घालणार. १९९९ आणि २००३च्या उन्हाळ्यात वायव्य भूमध्यात पाणी इतकं तापलं की उथळ गुहांमधली पोवळी मेली. खोलवरची वाचली, ती तर हजार मीटरपर्यंत सापडलीयत. मग ती वर का येत नाहीत? तर ह्याच्यात नर-मादीच्या वसाहती वेगळ्या, पिल्लं मादीच्या पोटात वाढून उन्हाळ्यात बाहेर पडतात आणि बहुतेक जवळपासच बसतात, इतकी जवळ की काही दहा मीटरवरच्या वसाहतींचंही कूळ जनुकांवरून वेगळं ओळखू येतं. त्यामुळे वरची रिकामी झालेली गुहा भरायची तर तिथेच वाचलेल्या चार-दोन झुडपांनीच भरायची, वर्षाला पाव मिलिमीटरच्या चालीने.