खाणबंदी, कर्ज आणि समभागाचा भाव

[दृश्य: मांडवीवरील बार्ज, त्यानंतर मुरगाव बंदर]

गोव्याच्या खाणींतले लोहखनिज बार्जमध्ये भरून मांडवी आणि जुवारी या नद्यांतून मुरगाव बंदरावर येते आणि तेथून, बहुतांशी चीनच्या पोलाद कारखान्यांसाठी, जहाजावर चढते. चीनमधील मागणी ओसरली की खनिजाचा भाव उतरतो. मात्र भाव उतरल्यावर खाणकंपनीचा समभाग किती घसरेल, हे केवळ खनिजाच्या भावावर ठरत नाही. कंपनीचा व्याप भागधारकांच्या पैशावर उभा आहे की बँकांच्या, यावरही ते ठरते.

[दृश्य: फळ्यावरील आकडेमोड]

फळ्यावर प्रत्येकी 100 कोटींची मालमत्ता असलेल्या दोन काल्पनिक कंपन्या आहेत. पहिलीवर 20 कोटींचे कर्ज आहे, दुसरीवर 80 कोटींचे. मालमत्तेचे मूल्य 10 टक्क्यांनी घटले, तर पहिलीच्या भागधारकांचे 80 कोटी 70 वर येतात आणि दुसरीच्या भागधारकांचे 20 कोटी थेट निम्मे होतात. येथपर्यंत सारे सोपे आहे. प्रत्यक्ष बाजारात असेच घडते का, हे तपासायचे ठरवले की खरे कष्ट सुरू होतात.

[दृश्य: पणजी, पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालय, वार्षिक अहवालांची चळत]

वाणिज्य शाखेची ही संशोधक विद्यार्थिनी आधी ताळेबंद उतरवून घेते. 2011-12 पासून भारतीय कंपन्यांच्या ताळेबंदाचा नमुना बदलला आणि दीर्घ मुदतीच्या कर्जाचा वर्षभरात फेडायचा हिस्सा कर्जाच्या ओळीतून निघून ‘इतर चालू दायित्वे’ या शीर्षकाखाली गेला. त्यामुळे 2020-21 पर्यंतच्या ताळेबंदांत नुसती कर्जाची ओळ पाहणाऱ्याला कंपनीने कर्ज फेडल्याचा भास होतो. पडद्यावर दिसणारी तिची पेन्सिल तळटीपांतून तोच हिस्सा शोधून पुन्हा कर्जात मिळवीत आहे.

पुढे रोजच्या भावांचे काम येते. 10 रुपये दर्शनी मूल्याच्या समभागाचे विभाजन होऊन तो 1 रुपयाचा झाला, की बाजारभाव एका दिवसात दहाव्या हिश्श्यावर येतो. ही दुरुस्ती राहून गेली तर गणितात भयंकर पडझड नोंदली जाते आणि प्रत्यक्षात कोणाचा रुपयाही बुडालेला नसतो. चित्रवाणीवर भावांचे भाकीत सांगणाऱ्यांना असल्या कामाशी कर्तव्य नसते, संशोधनाची सारी भिस्त मात्र त्यावरच असते. भाव स्वच्छ झाल्यावर अस्थिरता, म्हणजे भाव किती जोराने वरखाली होतो ते, मोजली जाते. त्यासाठी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट एंगल यांनी 1982 साली मांडलेली आणि टिम बोलर्सलेव्ह यांनी 1986 साली विस्तारलेली पद्धत वापरतात, जिच्यात आजच्या अस्थिरतेचा अंदाज कालचा धक्का आणि कालची अस्थिरता यांवरून बांधला जातो.

[दृश्य: बंद पडलेली खाण, पाण्याने भरलेला खड्डा]

तरीही एक पेच उरतो. कर्ज वाढले म्हणून भाव अस्थिर झाला, की पडत्या, अस्थिर बाजारात समभाग विकणे परवडेना म्हणून कंपनीने कर्ज काढले? हा गुंता सोडवण्यासाठी अभ्यासक असा धक्का शोधतात, जो कंपनीच्या निर्णयातून नव्हे तर बाहेरून आलेला असेल. गोव्यात तो दोनदा आला. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पुढे 7 फेब्रुवारी 2018 रोजी न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. अभ्यासासाठी याहून स्पष्ट तारखा मिळणे कठीण. अडचण एवढीच, की येथील बहुतेक खाणमालकांच्या कंपन्या खासगी, घराण्यांच्या मालकीच्या. रोजचा बाजारभाव होता तो सेसा गोवासारख्या अपवादाला. तीही 2011 मध्ये केर्न इंडियातील मोठा हिस्सा घेऊन तेलव्यवसायात गुंतली होती, म्हणून तिच्या भावातून खाणबंदीचा परिणाम वेगळा काढावा लागतो.

खाणी थांबल्यावर ट्रकमालकांचे हप्ते थकले, बार्जवरील रोजगार गेला आणि सरकारला कर्जदारांसाठी सवलत योजना आणावी लागली.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावरील आलेख]

भाव पडला की भागधारकांच्या भांडवलाच्या मानाने कर्जाचा भार वाढतो आणि म्हणून अस्थिरता वाढते, असे स्पष्टीकरण अर्थशास्त्रज्ञ फिशर ब्लॅक यांनी 1976 साली दिले होते. 2011 साली जास्मिना हसनहोजिक आणि अँड्र्यू लो यांनी कर्ज नसलेल्या अमेरिकी कंपन्या तपासल्या, तेव्हा तेथेही भाव पडल्यावर अस्थिरता वाढलेली आढळली. म्हणजे सारा दोष कर्जाच्या माथी मारता येत नाही. म्हणूनच या तक्त्यात कर्जमुक्त कंपन्यांचा गट वेगळा ठेवला आहे आणि दोन्ही गटांची अस्थिरता खाणबंदीच्या त्याच तारखांभोवती मोजली जात आहे.