दरीतून हाक द्यायची तर

माझ्या हातात ही जी गुंडाळलेली वायर दिसतेय, ती २० मीटर लांब आहे. मधोमध कापून तिचे दहा-दहा मीटरचे दोन हात केलेत. आज मी बहुतेक या वायरबद्दलच बोलणार आहे. ट्रेकला निघणारी मंडळी मला नेहमी विचारतात, वायरलेस सेट कोणता घेऊ? वायर कुठे आणि कशी बांधायची, हे फारसं कुणी विचारत नाही. मला ते शिकायला सांदण दरीत उतरावं लागलं.

आम्ही अकराजण होतो. आमच्यातला एक हॅम, म्हणजे परवाना घेतलेला हौशी रेडिओवाला, वर साम्रद गावात थांबला होता, मी गटाबरोबर खाली उतरलो. दोघांकडे पाच वॅटचे हँडसेट, दर तासाला बोलायचं ठरलेलं. घळीच्या पहिल्याच वळणावर त्याचा आवाज तुटायला लागला आणि दुसऱ्या वळणानंतर नुसती खरखर उरली. या हँडसेटच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे व्हीएचएफच्या, लहरी साधारण नजरेसारख्या सरळ जातात. मध्ये बेसॉल्टची भिंत आली की पलीकडचं गाव त्यांना नाहीसंच होतं. संध्याकाळी खालच्या मुक्कामी पोचलो तेव्हा आमच्यातल्या एका मुलीचा घोटा सुजून टम्म झाला होता. जीवावरचं काही नव्हतं, पण सकाळी माणसं आणि डोली लागणार होती. मोबाइलला रेंज नव्हती.

सॅकमध्ये ही वायर आणि एचएफचा, म्हणजे शॉर्टवेव्हचा, छोटा सेट होता. दोन झाडांच्या मध्ये, जेमतेम तीन मीटरवर वायर ताणली. ४० मीटर बँडचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा डायपोल (अशी दोन हातांची वायर) पाव तरंगलांबीइतका, म्हणजे दहा मीटर उंच असावा असं पुस्तकं सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण खाली बांधलेल्या वायरीची लहर जवळजवळ सरळ डोक्यावर जाते. जमीन त्यातली बरीच शक्ती खाते, उरलेली अडीच-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनमंडलाच्या, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित थरावरून परतते आणि छत्रीसारखी आजूबाजूच्या तीन-चारशे किलोमीटरवर पडते. दरीच्या भिंती तिच्या वाटेत येतच नाहीत. आपल्याला फक्त वरचं आकाश मोकळं लागतं, आणि तेवढं दरीतही असतं. चौथ्या हाकेला पुण्यातल्या एका हॅमने उत्तर दिलं. त्याने साम्रदला फोन लावला. सकाळी गावातली सहा माणसं डोली घेऊन खाली आली.

त्या दिवसापासून मी सह्याद्रीकडे दोन भागांत बघतो. माथ्यावर असाल तर डोंगरच तुमचा मनोरा. उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. व्हीएचएफची पोच किलोमीटरमध्ये मिळते. कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या माणसापर्यंत सुमारे १६७ किलोमीटर, वाटेत दुसरा डोंगर आडवा आला नाही तर. तिथे हँडसेट पुरतो. त्याचा आखूड रबरी अँटेना काढून पाव तरंगलांबीची, साधारण अर्ध्या मीटरची काडी लावा, फरक लगेच ऐकू येईल. सिंहगडासारख्या जागी मात्र सांभाळा. प्रक्षेपणाच्या मनोऱ्याजवळ स्वस्त हँडसेटचा कान बधिर होतो. कुणी उत्तर देत नाही असं वाटतं, खरं म्हणजे आपल्यालाच ऐकू येत नसतं. मनोऱ्यापासून दूर, डोंगराच्या आडोशाला सरका. आणि नाळेत किंवा दरीत असाल, तर तिथे ही वायर.

शक्तीबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. १०० वॅटवरून ५ वॅटवर आलो की समोरच्याच्या सिग्नल मीटरचा काटा साधारण दोन घरं खाली येतो. म्हणून पाठीवर वीस किलो वाहायचं कारण नाही. माझा सेट, लिथियम फॉस्फेटची १२.८ व्होल्टची बॅटरी, कोॲक्स केबल आणि वायर मिळून अडीच किलोच्या आत बसतं, शनिवार-रविवार सहज निघतो. मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची भाषा, येत असेल तर त्याच ५ वॅटमध्ये आणखी दूर जाता येतं, कारण मोर्सचा सिग्नल आवाजापेक्षा कितीतरी अरुंद पट्ट्यात मावतो.

वेळ मात्र पाळायला हवी. ७ मेगाहर्ट्झवर दिवसा जवळची माणसं छान ऐकू येतात. रात्र चढते तसा आयनमंडलाचा थर विरळ होतो, डोक्यावर सोडलेली लहर परत न येता निघून जाते, आणि पुण्या-नाशिकचे आवाज मावळून दूरदूरचे ऐकू येऊ लागतात. म्हणून घरच्या हॅमशी ठरवलेली बोलायची वेळ दुपारी चार-पाचची ठेवा, जेवणानंतरची नको. वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की वायर आधी उतरवायची, बोलणं अर्धं राहिलं तरी.

गडावर बांधताना तटाच्या दगडांत खुंटी ठोकू नका. इतकी वर्षं टिकलेल्या चिरेबंदीच्या फटी आपल्या दोरीसाठी नाहीत. मासेमारीची लांब काठी सॅकवर बांधून नेता येते. ती मधोमध उभी करायची आणि वायरीची दोन्ही टोकं उलट्या व्हीसारखी कारवीच्या झुडपांना हलकेच अडकवायची. झाडांशिवायच्या पठारावरही काम होतं.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते, १२ वर्षं पूर्ण झालेला मुलगा-मुलगीही देऊ शकते. मोर्स नको असेल तर रिस्ट्रिक्टेड वर्ग आहे. परवान्याशिवाय ऑनलाइन मिळणारा चिनी सेट वापरणं हा कायद्याने गुन्हा आहे, ‘फक्त ट्रेकपुरता’ म्हटलं तरी.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला होते, व्हीयू४आरबीआय या सांकेतिक नावाने जगभरच्या हॅमशी बोलायला. निव्वळ छंदापायी. २६ तारखेला त्सुनामी आली, आणि त्याच केंद्रावरून अंदमानातले निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. अँटेना आधीच उभे होते, हात आधीच सरावलेले होते. तुमच्यातले काहीजण सेट घेऊन ‘वेळप्रसंगी उपयोगी पडेल’ म्हणून सॅकच्या तळाशी ठेवतात, हे मला खटकतं. वेळप्रसंगी अंधारात, थरथरत्या बोटांनी कनेक्टर जुळवणं फार अवघड असतं. प्रत्येक ट्रेकला बोला, कारण असो नसो. ब्रिटनमध्ये २ मार्च २००२ ला ‘समिट्स ऑन द एअर’ सुरू झालं. शिखरावरून चार हॅमशी बोलणं झालं की त्या शिखराचे गुण मिळतात. मला गुणांचं फार अप्रूप नाही, पण चार वेळा बोलायचं म्हणजे वायर बांधावीच लागते.

पावणेपाच झालेत. पाच वाजता ७ मेगाहर्ट्झवर नाशिकचा एक मित्र आपली वाट बघतोय. मागच्या मैदानात दोन आंब्याची झाडं आहेत. एकजण हे टोक धरा, दुसरा ते, आणि वायर तीन मीटरच्या वर नको.