खोक्यावरची मोकळी जागा

(दृश्य: गोव्यातलं वेर्णा, सकाळचा पाऊस, कंपन्यांच्या बसगाड्या)

वेर्ण्याचं पठार. पहिली पाळी सुरू व्हायला अर्धा तास आहे. फोंडा, मडगाव, वास्कोहून आलेली माणसं छत्र्या मिटत फाटकातून आत शिरताहेत. इथे तयार होणाऱ्या औषधांतली बरीचशी समुद्रापलीकडे जातात.

(दृश्य: गोळ्या पाडणारं यंत्र)

आत जाताना आम्हाला टोपी, मास्क, बुटांवर पिशव्या. कॅमेऱ्यालासुद्धा प्लास्टिकची कुंची.

ही मेटफॉर्मिन. शुगर निघाली की डॉक्टर बहुधा हीच पहिल्यांदा लिहून देतात. पावडर ओलवून तिचे दाणे पाडायचे, वाळवायचे, चाळायचे, मग या फिरत्या चकतीत सोडायचे. वरून एक दाब, खालून एक, मधल्या साच्यात गोळी. तासाला लाखावर गोळ्या. हा कामगार मधूनमधून काही गोळ्या उचलतो, वजन करतो, कडकपणा बघतो आणि नोंद करतो. परदेशातून तपासनीस आला की या नोंदी पानन् पान उलटून बघतो.

(दहा सेकंद फक्त यंत्राचा आवाज)

पुढे गोळ्यांच्या वाटा वेगळ्या होतात. पांढऱ्या बाटल्या अमेरिकेच्या. तिथला औषधवाला बाटलीतून गोळ्या मोजून देतो. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या इंग्लंडच्या. आणि हे आपलं भारतातलं खोकं. त्यावर एम.आर.पी. आहे, सर्व करांसहित. बाहेर जाणाऱ्या या दोन्ही मालांवर ती जागा कोरी आहे. ती तिकडे कोण भरतं, हे शोधायला आम्ही परदेशी गेलो नाही, तेवढे पैसे नव्हते. फोंड्याला गेलो.

(दृश्य: फोंडा, चवथीची तयारी, गणपतीवर फळांची माटोळी बांधताना)

या घरात तीन भाऊ आणि तिघांनाही शुगर. थोरले इथेच. मधले न्यू जर्सीला असतात, चवथीला आलेत. धाकटे पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडातल्या स्विंडनला गेले, ते फोनवर आहेत. तिघे दोन-दोन गोळ्या घेतात: मेटफॉर्मिन आणि सिटाग्लिप्टिन.

मेटफॉर्मिन सगळीकडे स्वस्त. ती जुनी, पेटंट नाही, बनवणारे ढीगभर. अशा जेनेरिक गोळ्या तर अमेरिकेत इतर श्रीमंत देशांपेक्षाही स्वस्त पडतात आणि तिथल्या दहा प्रिस्क्रिप्शनांतली नऊ अशाच गोळ्यांची असतात. हे ऐकून आम्हीही चमकलो. वेर्ण्याच्या बाटल्या त्याच बाजारात जातात.

भांडण आहे ते दुसऱ्या गोळीचं. सिटाग्लिप्टिनचं पेटंट भारतात जुलै २०२२ मध्ये संपलं आणि फोंड्याच्या फार्मसीत ती लगेच स्वस्त झाली. अमेरिकेत २०२३ साली तिचा महिन्याचा छापील भाव होता ५२७ डॉलर. त्यातलं विम्याने किती उचललं आणि आपण किती भरलं, हा हिशेब मधल्या भावांनी आम्हाला दोनदा समजावला. दोन्ही वेळा तो आमच्या डोक्यावरून गेला.

धाकटे म्हणतात, "मला काहीच पडत नाही." इंग्लंडमध्ये एका औषधामागे ९ पौंड ९० पेन्स भरावे लागतात, शुगरवर गोळ्या घेणाऱ्याला तेही माफ.

(दृश्य: फोनच्या पडद्यावर धाकटे भाऊ, मागे खिडकी)

गोळी तीच, मग फरक कुठला? घेणारा किती मोठा, त्याचा. इंग्लंडात सगळ्यांसाठी घेणारी सरकारी आरोग्यसेवा एकच. १९९९ पासून 'नाइस' नावाची संस्था नवं औषध तोलून बघते: निरोगी आयुष्याचं एक वर्ष वाढवायला खर्च किती? बरीच वर्षं ही मर्यादा २० ते ३० हजार पौंडांची होती. कंपनीचा भाव त्यात बसला नाही, तर ती दारातच अडकते. जर्मनीत सुरुवातीचे काही महिने कंपनी म्हणेल तो भाव. मग २०११ च्या कायद्याप्रमाणे विचारतात, जुन्या औषधापेक्षा तुझ्यात जास्त काय? जास्त काही नसेल, तर जास्त पैसेही नाहीत. जपानात दरपत्रकच सरकारचं, वरचेवर खाली येणारं.

अमेरिकेत २००३ च्या कायद्याने ज्येष्ठांच्या औषधांचा खर्च सरकारी विम्यात आणला. त्याच कायद्यात एक कलम घातलं: भावाच्या बोलणीत सरकारने पडायचं नाही. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि त्याच्याच तोंडाला कुलूप. बोलणी करतात विमा आणि औषध कंपनी यांच्या मधले दलाल. सर्वांत मोठे तीन दलाल मिळून जवळजवळ ऐंशी टक्के प्रिस्क्रिप्शनं हाताळतात. औषध कंपनी त्यांना सूट देते, आणि सूट मोठी दिसायची तर छापील भाव आधीच फुगलेला हवा. ही युक्ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही.

कुलूप उघडलं २०२२ च्या कायद्याने, तेही थोडंसं. पहिली दहा औषधं, भाव लागू १ जानेवारी २०२६ पासून. त्यात सिटाग्लिप्टिन आहे. त्या सरकारी विम्यासाठी ५२७ चे झाले ११३ डॉलर.

कंपन्यांचं म्हणणं, अमेरिकेच्या पैशावर संशोधन चालतं. पैसा तिथूनच जास्त येतो, हे खरं. इंग्लंडात काही नवी औषधं उशिरा येतात, काही येतच नाहीत. आणि अमेरिकेत माणसं इन्सुलिन पुरवून पुरवून टोचतात.

(दृश्य: निवेदन नाही. मधल्या भावांचे हात, गोळ्यांचा आठवड्याचा डबा भरताना.)

(दृश्य: विसर्जनानंतरची रात्र, उघडी बॅग)

मधल्या भावांचं विमान पहाटेचं आहे. वहिनी बॅग भरताहेत. "भाऊजी, तीन महिन्यांच्या पुरतील ना?" खाली कपडे, वर नेवऱ्यांचा डबा, आणि डब्याच्या बाजूला गोळ्यांच्या पट्ट्या, फोंड्याच्या फार्मसीतल्या. पट्टीवर एम.आर.पी. छापलेली आहे.