सुट्टीतलं गणित: चिंचोके, भरती आणि ६१७४

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यात एखाद्या वाडीत सहावी ते आठवीच्या मुलांसाठी गणिताचं शिबिर घ्यायचं म्हटलं, की पहिली सूचना हमखास येते : आधी पाढे पक्के करून घ्या, अपूर्णांक घटवून घ्या, अवघड गणित मग बघू. सूचना चांगल्या मनानं केलेली असते, पण ती मानू नका. वर्षभर ज्या मुलीनं भागाकाराखाली लाल फुल्या पाहिल्या, तिला सुट्टीतही तोच भागाकार दिलात तर ती तिसऱ्या दिवशी करवंदं काढायला जाईल, आणि त्यात तिचं काही चुकणार नाही. ज्या मुलांना क्लास परवडत नाही, ज्यांच्या घरी अभ्यास घ्यायला कुणी मोकळं नाही, त्यांना आपण सतत कच्चं राहिलेलं तेवढंच देत राहतो. मग खरं गणित, म्हणजे एखादी गोष्ट नेहमीच खरी का ठरते हे शोधण्याचा आनंद, त्यांच्या वाट्याला येतच नाही.

न्यूयॉर्क शहरात बीम नावाचा एक उपक्रम २०११ पासून कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी उन्हाळी शिबिरं घेतो. तिथंही पुढच्या इयत्तेचं पुस्तक आधी उरकत नाहीत. संख्यांचे गुणधर्म, मोजणीच्या युक्त्या, तर्क असे विषय ही मुलं शिकतात. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे करायला वसतिगृह लागत नाही, संगणकही लागत नाही. शाळेचा व्हरांडा, खडू, किलोभर चिंचोके, चौकटीच्या वह्या आणि जुन्या लग्नपत्रिका एवढं पुरतं. पत्रिका कशाला, ते पुढं सांगतो.

मुलं निवडताना वार्षिक परीक्षेचे गुण बघू नका. एप्रिलमध्ये एक प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा. ९ म्हणजे ४ अधिक ५, तसंच २ अधिक ३ अधिक ४. तर १ ते ३० मधल्या कोणत्या संख्या अशा लागोपाठच्या संख्यांची बेरीज करून मिळतात आणि कोणत्या मिळत नाहीत? उत्तर लगेच मागायचं नाही. दुसऱ्या दिवशी आपणहून वही घेऊन येईल त्याला घ्या, मग त्याला गणितात ३५ गुण का असेनात. (१, २, ४, ८, १६ या मिळत नाहीत. का मिळत नाहीत, यावर शिबिरातला एक अख्खा दिवस जातो.) वीस-बावीस मुलं, दोन शिक्षक आणि कॉलेजात जाणारे दोन दादा-ताई एवढ्यांत काम नीट चालतं. तीसच्या वर मुलं गेली की मागची रांग नुसती बघत बसते.

तारखा ठरवण्याआधी पालकांना विचारा. आंब्याची पेटी भरण्यात, काजू वेचण्यात मुलांचा हात असतो. शेवटच्या आठवड्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची धांदल, लाकूडफाटा, त्यात लग्नं आणि मुंबईहून आलेले चाकरमानी. शाळेच्या वेळेच्या एसटी फेऱ्याही सुट्टीत बऱ्याच ठिकाणी नसतात, तेव्हा मुलं चालत येतील असंच ठिकाण निवडा. सकाळी साडेसात ते साडेदहा, बारा दिवस. त्यानंतर उकाड्यात कुणाचंच डोकं चालत नाही. नऊ वाजता उकडलेले चणे किंवा पोहे, आणि कोकम सरबत. नाश्ता खर्चाच्या यादीत सगळ्यात वर ठेवा, कारण बरीच मुलं नुसता चहा पिऊन आलेली असतात. मुलींसाठी घरोघर जाऊन बोलावं लागतं. बागांत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं, उर्दू शाळेतली मुलं, कातकरी वाडीवरची मुलं यांनाही बोलवा. पुढं सांगतो ते सगळे प्रश्न खेळून कळतात, वाचून कळावे लागत नाहीत.

पहिल्या दिवशी चिंचोके. जोडीजोडीनं बसवा, मधे २१ चिंचोके. आपल्या पाळीला १, २ किंवा ३ उचलायचे, शेवटचा चिंचोका उचलेल तो जिंकला. पंधरा-वीस मिनिटं नुसतं खेळू द्या. मग ढीग लहान करा : ४ चिंचोके असताना पहिला का हरतो? ८ असताना? समोरच्यानं १ उचलला तर आपण ३, त्यानं २ तर आपण २, त्यानं ३ तर आपण १, असे प्रत्येक फेरीत मिळून ४ जातात हे मुलांच्याच तोंडून आलं पाहिजे. मग २१ मधून पहिल्यानं १ उचलून २० ठेवले की तो हरतच नाही. इथं एक चूक फार वेळा होते : ‘चारच्या पटीत ठेवा’ हे एक हुशार मूल दहाव्या मिनिटाला ओरडून सांगतं आणि बाकीच्यांचा शोध तिथंच संपतो. त्यावर उपाय म्हणजे त्या मुलाला लगेच वेगळा नियम द्यायचा : आता १, ३ किंवा ४ उचलायचे. इथं चारची पट कामाची नाही, पाचचीही नाही. रिकाम्या ढिगापासून वर चढत तक्ता करावा लागतो. तो केला की पाळी असणाऱ्यानं हरायच्या जागा निघतात २, ७, ९, १४, १६ अशा, म्हणजे सातनं भागून बाकी ० किंवा २ उरते त्या. भागाकारातली बाकी इथं पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडते.

दुसरा डाव पत्रिकांचा. जमिनीवर खडूनं ६ बाय ६ चौकटी आखा. दोन चौकटी बरोबर झाकतील असे पुठ्ठ्याचे तुकडे पत्रिका कापून करा, १७ तुकडे. तिरप्या रेषेत समोरासमोर येणाऱ्या दोन कोपऱ्यांवर दगड ठेवा. उरल्या ३४ चौकटी, तुकडे १७, हिशेब जुळतो. आता झाका बघू. मुलं अर्धा तास झटतात आणि दर वेळी दोन चौकटी उरतात. शिक्षकाचा हात इथंच शिवशिवतो आणि तो बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी रंगवून मोकळा होतो. थांबा. त्याऐवजी प्रत्येक गटाला एवढंच सांगा, की शेवटी उरलेल्या दोन चौकटी कोणत्या, ते वहीत नोंदवा. पाच-सहा नोंदी झाल्या की मग एकाआड एक चौकट रंगवायला सांगा. उरलेल्या दोन्ही चौकटी दर वेळी एकाच रंगाच्या निघतात. दोन्ही कोपरे एका रंगाचे, म्हणून एका रंगाच्या १६ उरल्या आणि दुसऱ्याच्या १८, आणि प्रत्येक तुकडा तर दोन्ही रंगांची एकेक चौकट झाकतो. ‘मला जमलं नाही’ आणि ‘कुणालाच जमणार नाही’ यांतलं अंतर मुलांना इथं दिसतं. सिद्धता हा शब्द उच्चारायचा तर तो त्या क्षणी.

हे समजावताना मुलांना त्यांच्या बोलीत बोलू द्या. मालवणीत ‘कित्याक?’ असा प्रश्न एका मुलीनं दुसरीला केला आणि तिनं मालवणीतच उत्तर दिलं, तर ती पूर्ण सिद्धता आहे. प्रमाण भाषेत ती वहीत संध्याकाळी लिहिता येईल.

आता समुद्राकडे येऊ. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब किनाऱ्यावरच्या पुष्कळ श्रोत्यांना ठाऊक असेल : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मुलांना पंधराही तिथींचा तक्ता करू द्या, ज्यांचा पाऊण कच्चा आहे त्यांचा इथं पक्का होतो. मग विचारा, पौर्णिमेला किती? पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आणि दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदेला? पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. रोज ४५ मिनिटांनी पुढं सरकणारी भरती त्या एका दिवशी दीड तासानं कशी सरकली? इथं शिक्षकानं गप्प बसायचं. पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत पंधरा पावलांत घड्याळाचा बारा तासांचा फेरा पुरा व्हायला हवा, कारण समुद्र चंद्राकडच्या बाजूला फुगतो तसाच त्याच्या उलट बाजूलाही फुगतो, हे ध्यानात आलं की गणित सरळ आहे. ७२० मिनिटं भागिले १५ म्हणजे ४८. म्हणजे पाऊण नव्हे, चार पंचमांश. जुन्या जाणत्यांनी पाऊण घेतला, कारण तो मनात पटकन होतो : निम्मं आणि निम्म्याचं निम्मं. होडी लोटणाऱ्याला तिथीमागं तीन मिनिटांचा फरक चालतो. फेरा जुळवू पाहणाऱ्याला चालत नाही.

हा धडा फळ्यावर संपवू नका. रोज एक मोठं माणूस सोबत घेऊन दोन मुलांनी जेटीवर जावं, पाणी सगळ्यात वर चढल्याची वेळ टिपावी. मोठ्या माणसाशिवाय मुळीच नाही. नोंदी हिशेबाशी तंतोतंत जुळणार नाहीत आणि मुलं आपलंच चुकलं समजतील. त्यांना कारणं सांगा. वेळ बंदरागणिक बदलते, खाडीत आत जावं तशी उशिरा होते. शिवाय उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या भरतीच्या दिवसांत रोजचा फरक ४८ पेक्षा कमी पडतो, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत जास्त. माथ्यावर पाणी काही वेळ थबकल्यासारखं असतं, त्यामुळं पाच-दहा मिनिटं तिथंच इकडची तिकडं होतात. बारा दिवसांच्या नोंदी आलेखावर मांडल्या की रेघ कुठं ताठ होते, कुठं झुकते ते दिसतं.

उरलेल्या दिवसांत एक सकाळ कापरेकरांना द्या. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर उत्तर कोकणातल्या डहाणूचे, जन्म १९०५ चा, निवृत्तीपर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षक. त्यांचा ६१७४ हा अंक जगभर ओळखला जातो. हातात पेन्सिल असेल तर बरोबर करा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. २१११ घेऊ. मोठ्यात मोठी मांडणी २१११, लहानात लहान १११२, वजाबाकी ०९९९. पुढं ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१. मग ९९८१ वजा १८९९ म्हणजे ८०८२. ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४ घेऊन करा, परत ६१७४. कुठूनही निघालात तरी जास्तीत जास्त सात पावलांत इथं पोचता. दोन ठिकाणी घसरतं. पहिलं म्हणजे मुलं ०९९९ मधलं शून्य टाकून देतात, मग ९९९ वजा ९९९ शून्य. शून्य लिहायलाच लावा. दुसरं, हातच्याची चूक. पण सात पावलांत ६१७४ आलं नाही तर चूक झालीय हे मुलाला स्वतःलाच कळतं आणि ते मागं जाऊन शोधतं. एका सकाळी वीस-तीस वजाबाक्या होतात आणि कुणी कुरकुरत नाही. पाढे-वजाबाकी आधी हवी म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

सिद्धतेसाठी मात्र तीन अंकी संख्या घ्या, चार अंकी अवघड पडते. तीन अंकांत मधला अंक वजाबाकीत उडतो आणि उत्तर नेहमी पहिल्या व शेवटच्या अंकांतल्या फरकाची ९९ पट येतं. म्हणजे पहिल्या पावलानंतर फक्त नऊच शक्यता : ०९९, १९८, २९७ असं करत ८९१ पर्यंत. त्यातही १९८ आणि ८९१ यांचे अंक तेच, २९७ आणि ७९२ यांचेही तेच. पाचच तपासायच्या राहतात आणि सगळ्या ४९५ वर येतात. सातवीतल्या मुलानं एका पानात केलेली ही पूर्ण, निर्दोष सिद्धता आहे. त्यावर त्याचं नाव लिहून ती भिंतीवर लावा.

शिकवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दिवसाला एकच मोठा प्रश्न घ्या, तीन घेतलेत की एकही पुरा होत नाही. आणि ‘बरोबर’ म्हणायची घाई करू नका. बरोबर उत्तरालाही ‘का?’ विचारा आणि चुकीच्या उत्तरालाही त्याच आवाजात विचारा. फक्त चुकलं की ‘का?’ येतो हे मुलांनी एकदा ताडलं, तर प्रश्न विचारताच ती उत्तर पुसायला लागतात.

शिबिर संपल्यावर जूनमध्ये शाळा सुरू होते आणि इथंच बहुतेक काम वाहून जातं. म्हणून बाराव्या दिवशी पालकांसोबत शाळेच्या बाईंना किंवा गुरुजींनाही बोलवा, वह्या त्यांच्या हाती द्या, आणि दर शनिवारी फळ्याच्या कोपऱ्यात एक प्रश्न लिहायचं त्यांच्याकडून ठरवून घ्या. आठवीत जाणाऱ्यांच्या पालकांना एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेची माहिती द्या. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी ती आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अर्ज शाळेमार्फत भरला जातो. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून यायला वेळ लागतो आणि बँक खातं मुलाच्या नावाचं लागतं, तेव्हा ही दोन कामं शाळा उघडल्याबरोबर सुरू करा.

नमस्कार.