रायआवळ्याची बाजू

(परसबागप्रेमींच्या मासिक सभेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘रायआवळा : लागवड आणि पाककृती’ असा छापलाय. तो मी पाळणार आहे. पण आधी जरा तक्रार करून घेते. ती केल्याशिवाय माझी गाडी लागवडीकडे वळत नाही, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे.

तक्रार अशी, की आपल्याकडे फळ नुसतं खायची सोयच राहिलेली नाही. ते कशावर तरी ‘चांगलं’ असावं लागतं. जांभूळ मधुमेहावर, पपई पोटावर, डाळिंब रक्तावर. परवा मंडईत एक गृहस्थ बोरं घेता घेता विचारत होते, ‘ही कशावर चालतात?’ बोरंवाली म्हणाली, ‘मिठावर.’ मला तिथल्या तिथे तिचा सत्कार करावासा वाटला.

या सगळ्यात आवळ्याचं मात्र भलं झालं. होऊ दे, माझं त्याच्याशी वैर नाही. आहारतक्त्यांत त्याच्या नावापुढे शंभर ग्रॅमला ६०० मिलिग्रॅमपर्यंत सी जीवनसत्त्व लिहिलेलं सापडतं. च्यवनप्राशाचं त्याच्यावाचून पान हलत नाही. कार्तिकात आवळीभोजन त्याच्या सावलीत, तुळशीच्या लग्नात त्याला मान. नागर शैलीच्या देवळाच्या शिखरावर कळसाखाली जी खाचाखाचांची दगडी चकती असते ना, तिला आमलकच म्हणतात. आणि ‘अशोकावदान’ या जुन्या बौद्ध ग्रंथात तर खुद्द सम्राट अशोक! म्हातारपणी अमात्यांनी त्याच्या दानधर्माला आळा घातला, शेवटी हातात उरला अर्धा आवळा. तोही त्याने पाटलिपुत्राच्या कुक्कुटाराम विहाराला पाठवून दिला. भिक्षूंनी तो कुटून रश्शात घातला आणि साऱ्या संघाला वाढला. मी वर्गात ही गोष्ट सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, ‘बाई, उरलेला अर्धा कुणी खाल्ला?’

रायआवळ्याकडे यातलं काही म्हणजे काही नाही. दोघं एकाच प्रजातीतले, फायलँथस. म्हणजे चुलतभाऊच. पण याच्यात सी जीवनसत्त्व आवळ्याच्या पासंगालाही पुरत नाही. सण नाही, सम्राट नाही. याचे भक्त कोण, तर शाळेबाहेरच्या टोपलीभोवती उभी राहणारी पोरं. कागदाच्या पुडीत फिकट पिवळे, कडांचे, बोटाच्या पेराएवढे रायआवळे, वर तिखटमीठ. एक दातांखाली धरला की कचकन फुटतो, डोळे आपोआप मिटतात, कानामागे कळ येते, आणि हात पुन्हा पुडीत जातो. तिसऱ्याचौथ्यानंतर दात असे आंबतात की रात्री पोळी चावत नाही. आणि मग घरी कळायचं, मधल्या सुट्टीत काय झालं ते.

आता आमच्या सोसायटीतला किस्सा सांगते. अध्यक्ष घड्याळ बघतायत, पण तो लागवडीचाच भाग आहे.

आमच्या कुंपणाशी एक रायआवळा आहे. इमारतीच्या आधीपासूनचा, तिथल्या जुन्या वाड्याच्या परसातला. त्याच्याखाली सेक्रेटरींची गाडी लागते. झाडाला उन्हाळ्यात फळ येणार, ते टपटपा पडणार, टपावर चिकट डाग होणार. वार्षिक सभेत विषय आला : ‘उपद्रवी वृक्षाबाबत निर्णय घेणे’. मी उठले. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या रक्षणाचा कायदा १९७५ सालचा आहे, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून झाडाला हात लावता येत नाही, असं सगळं सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, ‘काकू, तोडतोय कुठे? छाटतोय. आणि परवानगी काढूनच.’ काढली खरी. त्यांच्या कागदपत्रात कधी खोट नसते.

मग मी छाटणीवाल्याला गाठलं. त्याला म्हटलं, ‘दादा, कोवळ्या फांद्या हव्या तेवढ्या काढ, जून राहू दे. या झाडाला शेंड्यावर फळ धरत नाही, जुन्या उघड्या लाकडावर धरतं. तिथेच सालीतून बारीक तांबूस फुलं फुटतात आणि तिथेच घोस लटकतात.’ त्याने मान डोलावली. मी दूध तापवायला वर गेले. खाली येते तो जून फांद्यांचा ढीग पडलेला आणि बुंध्यावर चार हिरवे शेंडे. म्हणाला, ‘ताई, वाळकं दिसत होतं ते सगळं काढलं.’

सेक्रेटरी खूश. पण झाडाला कुणी ठराव वाचून दाखवला नव्हता. पुढे एका उन्हाळ्यात त्याने थेट खोडावरच फुलं काढली आणि घोस लागले ते बरोबर गाडीच्या आरशाच्या उंचीला. आधी मुलांना शिडी लागायची, आता सेक्रेटरींचा नातूसुद्धा उभ्या उभ्या तोडायला लागला, खिशात मिठाची पुडी घेऊन. एकदा संध्याकाळी स्वतः सेक्रेटरी झाडापाशी सापडले, तोंड वाकडं, डोळे मिटलेले. मला बघून म्हणाले, ‘काकू, हे बीपीवर चालतं का हो?’ मी म्हटलं, ‘तुम्ही ज्या हिशेबाने मीठ लावताय, त्याने वाढेल.’

जाता जाता एक. इंग्लंडात यॉर्कशरमध्ये एग्टन ब्रिज नावाचं खेडं आहे. तिथे १८०० सालापासून ऑगस्टमध्ये गूजबेरीचं प्रदर्शन भरतं. ते काटेरी झुडूप, आपल्या आवळ्याशी नातं नाही, पण तेही तसंच आंबट, जुन्या वळणाचं परसातलं फळ. लोक झुडपावर मोजकीच फळं ठेवतात, त्यांना वर्षभर जपतात आणि तराजूत घालतात. २०१९ मध्ये तिथलं एक फळ ६५ ग्रॅमच्या जवळ पोचलं. ते कशावर चालतं, असं कुणी विचारत नाही. आपल्याकडे फुलांची प्रदर्शनं भरतात, आंबा महोत्सव भरतात. मंडळाने एकदा रायआवळ्याचं भरवावं, ही सूचना मी दर वर्षी मांडते आणि ती दर वर्षी इतिवृत्तात...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

लागवड. बी ताजं लावा, म्हणजे फळ खाऊन लगेच. रोप पावसाच्या सुरुवातीला जमिनीत. भरपूर ऊन हवं, पाणी साचायला नको, शेणखत पुरे. झाड पंधरा-वीस फुटांचं होतं, बियांपासून चारेक वर्षांत फळावर येतं. एकच लावलं तरी फळतं, हा मोठा फायदा. ‘कलमी आवळा लावला, फुलतो पण फळत नाही’ म्हणून तुमच्यापैकी निम्मे लोक मला फोन करतात. त्याला शेजारी दुसऱ्या वाणाचा जोडीदार लागतो. एनए-७ असेल तर कृष्णा किंवा कांचन लावा. आणि आवळ्याचं फळ वसंतात धरतं पण पावसाळ्यापर्यंत झोपून राहतं, वाढत नाही, तेव्हा मे महिन्यात घाबरून फोन करू नका. रायआवळ्याची छाटणी कशी करायची नाही, ते सांगून झालंय.

पाककृती. लोणच्याला फळं धुऊन पूर्ण कोरडी करा, मीठ लावून रात्रभर ठेवा, सुटलेलं पाणी टाकू नका. त्यातच लाल तिखट, हळद, मेथीपूड, मोहरीची डाळ आणि वर हिंगाची गार केलेली फोडणी. आमटीत चिंचेऐवजी चार ठेचून घाला, आधी चव घ्या, मग गूळ. मुरांब्याला स्टीलचं पातेलं, ॲल्युमिनियम नको, आंबट त्याला खातं. फळं टोचून मिठाच्या पाण्यात ठेवून निथळा, दीडपट साखर, मंद आच, आणि घाई नको. पिवळ्याचा गुलाबी, गुलाबीचा लाल व्हायला वेळ लागतो. लाल झाल्याशिवाय उतरवू नका. बी काढायच्या भानगडीत आधी पडू नका, शिजल्यावर आपोआप सुटतं.

मागच्या टेबलावर बियांच्या पुड्या आहेत, घरटी एक. मुरांब्याची बरणी फिरवतेय. चमचा एकच आहे. तळहातावर घ्या, उष्टा चमचा परत बरणीत घालू नका. आणि जोशीकाका, तुम्ही विचारायच्या आधीच सांगते : साखर आहे त्यात.